तिसरी चूल

“दोन,” मनिराम काउंटरवरच्या मुलीला म्हणाले. “आमच्या चुली अलग हायेत.”

मुलीला काही कळेना. तिने एवढेच विचारले होते, की रश्श्याचे एक मोठे भांडे द्यायचे की दोन लहान. भंडाऱ्याच्या या फूड कोर्टात डोसा होता, मोमो होते आणि कोपऱ्यात हे नवे कोरियन दुकान. इथे रस्सा टेबलावरच्या शेगडीवर उकळत ठेवतात आणि बसलेले सगळे त्यातूनच वाढून घेतात.

“एकच द्या, मोठं,” खुशी म्हणाली. “आबाजी, इथं सगळ्यांची एकच चूल.”

खुशी त्यांची नात. रोज गावाहून भंडाऱ्याला कॉलेजात यायची. आज तिने आजी-आजोबांना मोहाडीकडच्या गावाहून डॉक्टरकडे आणले होते. आजी गीताबाईंच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले होते. डॉक्टरांनी डोळा पाहिला आणि पुन्हा बजावले, “चुलीच्या धुरात बसायचं नाही.” मग त्यांचे लक्ष मनिरामांच्या सैल पडलेल्या सदऱ्याकडे गेले. “बाबा, वजन उतरलंय. नीट जेवत नाही का?”

“जेवतो ना,” मनिराम म्हणाले होते.

खुशीला खरे माहीत होते. आबाजींच्या ताटात रोज अर्धा भात उरत होता.

तीन वर्षांपूर्वी तिचे बाबा धनराज आणि काका भूपेश वेगळे झाले. भांडण नव्हते. संसार वाढले, घर पुरेना. मासे धरायची जाळी वाटली, तलावातला डोंगा एकाला गेला, भांडी दोघांना गेली. शेवटी आई-वडील उरले. म्हातारा धनराजच्या चुलीवर, म्हातारी भूपेशच्या. गावात असेच करतात, कोणाला त्यात वावगे वाटले नाही. अंगणात कमरेएवढी भिंत आली. दोघे भिंतीच्या दोन बाजूंना खाट टाकून दिवसभर गप्पा मारत. जेवायची हाक आली की एक इकडे जाई, एक तिकडे.

एकदा गीताबाईंनी भिंतीवरून झिंग्याच्या रश्श्याची वाटी दिली. दोन दिवस खुशीची आई रंजू भांडी आपटत राहिली. मग म्हणाली, “आमच्या घरी मामाजी उपाशी राहून राहिले का?” तिचेही चुकले नव्हते. सासऱ्याला ती गरम जेवण वाढत होती. पण त्या दिवसापासून वाटी भिंत ओलांडून गेली नाही.

झिंगे आणि शेवया घातलेल्या रश्श्याचे भांडे आले. मुलीने शेगडीचे बटण फिरवले. निळी ज्योत लागली. सोबत कोबीचे लालभडक लोणचे आणि लाकडाच्या काड्या होत्या.

“या कायले?” मनिरामांनी काड्या उचलल्या. “दात कोराले?”

“खायाले, आबाजी.”

“मंग दात कायले हायेत? जा, चमचा आण.”

गीताबाई टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला बसल्या होत्या. हात मांडीवर. “तुमी जेवून घ्या. मी मागून.”

“आजी, मागून म्हणशील तर शेवया फुगून जातील.”

“बाप्पा, मंग पाहून काय राहिली? झाकण काढ.”

पण झाकण त्यांनीच काढले. वाफ आली. धूर नव्हता. त्यांनी डाव फिरवला, रस्सा तळहातावर घेऊन चाखला. “मीठ कमी हाये.” मीठ टाकले. पुन्हा चाखला. झिंगे वर आले तशी त्यांची खुर्ची पुढे सरकली. एकेक झिंगा सोलून त्या मनिरामांच्या वाटीत टाकू लागल्या. मनिरामांना दाढा नव्हत्या, हे गीताबाईंना कोणी सांगायला नको होते.

मनिरामांनी वाटी संपवली. दुसरी संपवली. कपाळावर घाम आला.

“अजून वाढ,” ते म्हणाले.

गीताबाईंनी वाढले. “रंजू चांगलं नाही रांधत का?”

“चांगलं रांधते.”

“मंग काहून ताटात ठेवता? पोरगी सांगत होती.”

मनिराम वाटीत पाहत राहिले. “धनराज पहाटेचा तलावावर जाते. रंजू ताट वाढून कामाले जाते. मी एकटाच. समोर कोणी बसत नाही.”

गीताबाईंचा डाव थांबला. मग त्यांनी स्वतःसाठी वाटी घेतली, त्याच भांड्यातून भरली आणि त्यांच्यासमोर बसून जेवू लागल्या. खुशी उगाच मोमोच्या पाटीकडे पाहत बसली.

भांडे रिकामे झाले, तेव्हा ती म्हणाली, “आजी, दर महिन्याले डोळा दाखवाले यावं लागते म्हणू घरी. मंग इथं येऊ. कोणाले राग नाही, काही नाही.”

गीताबाई वाकून शेगडी पाहत होत्या. नळी नव्हती, मोठे सिलिंडर नव्हते. बाजूच्या खाचेत एक छोटा डबा बसवलेला. त्यांनी बटण फिरवून ज्योत विझवली. पुन्हा लावली. पुन्हा विझवली.

“डोळ्यात काही जात नाही,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग काउंटरकडे हात केला. “ये माय, इकडे ये.”

मुलगी धावत आली. “काही कमी पडलं का आजी?”

“नाही. ही शेगडी बजारात भेटते का?”

“भेटते. पण कशाला?”

“आमच्या आंगणात दोन चुली हायेत,” गीताबाई म्हणाल्या. “मले तिसरी मांडायची हाये.”