अकरा की बारा

फिदेन्सिओच्या मुठीत चघळायच्या कोकाचं एक पान उरलं होतं, आणि ते का उरलं हेच त्याला कळत नव्हतं.

टोळीची रीत साधी होती. दगडात जितके सुरुंग भरले, तितकी पानं मुकादमाने मुठीत घ्यायची. वाती पेटवून सगळ्यांनी बोगद्याच्या वळणामागे येऊन बसायचं. एक धडाका झाला की एक पान खाली टाकायचं. मूठ रिकामी झाली तर आत जायचं. पान उरलं तर एखादा सुरुंग फुटायचा राहिला असं धरून दुसऱ्या दिवसापर्यंत तिकडे कुणी फिरकायचं नाही.

आज सुरुंग बारा होते. शेवटचे दोन धडाके एकमेकांवर आदळल्यासारखे वाटले. की एकच झाला आणि दुसरा त्याचा घुमारा? नेमका त्याच वेळी फिदेन्सिओला धुळीचा ठसका लागला होता. मुकादम होऊन त्याला आठ दिवस झाले होते.

"बारा," कासियानो म्हणाला. "उठा रे."

कासियानोची साठी उलटली होती. पोतोसीच्या डोंगरात त्याने उभा जन्म काढला होता आणि त्याचा आकडा कधी चुकत नाही असं सगळी खाण म्हणायची. 'तूच मुकादम हो' असं म्हटलं की मात्र तो दरवेळी हात झटकायचा. त्याचा शब्द ऐकताच इलारियोनने ड्रिल खांद्यावर घेतलं. पाच दिवस नुसता दगड फोडल्यावर काल कुठे कथलाची शीर दिसली होती, आणि पलीकडून दुसरी टोळी त्याच शिरेच्या मागावर होती.

फिदेन्सिओला दोन भीती वाटत होत्या. इलारियोनचं ड्रिल न फुटलेल्या सुरुंगावर टेकेल ही एक. दुसरी सांगायलाही लाज वाटावी अशी होती: नव्या मुकादमाला बारापर्यंत मोजता येत नाही, हे संध्याकाळपर्यंत डोंगरभर होईल. खरं सांगायचं तर त्या क्षणी ही दुसरीच मोठी होती. माणूस असाच असतो. पान तोंडात टाकलं की प्रश्न मिटत होता. अंधारात कुणाला दिसलंही नसतं.

त्याने मूठ उघडून दिव्यासमोर धरली.

"थांब, इलारियोन. माझी मोजणी चुकली. अकरा झाले की बारा, मला माहीत नाही."

"मुकादम, पानं मोजायला घेतली होतीस की चघळायला?" इलारियोन म्हणाला. "काका सांगतायत ना बारा."

"काकांचं बरोबरही असेल. पण मोजायचं काम माझं होतं. आज कुणी आत जाणार नाही."

टोळी त्याला मागे टाकून बाहेर पडली. खाणीच्या तोंडाशी दगड निवडणाऱ्या बायकांकडे बातमी त्याच्याआधी पोचली होती. "बोटं दहाच असतात रे बाबा, वरचे दोन कसे मोजणार," एकीने टोमणा मारला, आणि बाकीच्या खुदुखुदु हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच आत गेला. चुकलेल्या मोजणीनंतर पहिलं पाऊल मुकादमाचं, हीही रीतच होती. पहार लावायची छाती झाली नाही. एकेक दगड त्याने हाताने उचलून बाजूला ठेवला, आणि प्रत्येक दगडाला आपल्या दोन्ही मुलींची नावं घेतली. तासाभराने भिंत मोकळी झाली. बाराच्या बारा सुरुंग फुटले होते.

म्हणजे दिवस फुकट गेला होता. मधल्या वेळात पलीकडच्या टोळीने अर्धी शीर उचलली होती. टोळीने ढिगारा उपसला आणि दुपारी पुन्हा बारा सुरुंग भरले.

"शनिवारी दुसरा मुकादम निवडू," इलारियोन म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

फिदेन्सिओने मान हलवली. इलारियोनचं चुकत नव्हतं. मग त्याने बारा पानं आपल्या मुठीत घेतली आणि आणखी बारा कासियानोच्या हातात ठेवली.

"काका, आज तुम्हीही मोजा. माझा माझ्यावरच भरवसा राहिला नाही. दोघांचं जुळलं तरच आत जायचं."

"मी कशाला? तुझं काम तू कर."

"तुमचा आकडा चुकत नाही, म्हणून."

कासियानो काहीतरी बोलणार होता, पण वाती पेटल्या होत्या. सगळे वळणामागे पळाले. डोंगर हादरू लागला. फिदेन्सिओ श्वास रोखून पानं टाकत राहिला. सात. आठ. नऊ. या वेळी एकेक धडाका सुटा आला. शेवटी त्याने तळहात चाचपून पाहिला. पान नव्हतं.

"माझे बारा," तो म्हणाला. "काका, तुमचे?"

"त्यांना काय विचारतोस," इलारियोन ड्रिल उचलत हसला.

कासियानो भिंतीला टेकून उकिडवाच बसला होता. फिदेन्सिओने दिवा त्याच्याकडे वळवला. म्हाताऱ्याने मूठ उघडली. घामाने भिजलेली बाराही पानं तिच्यात तशीच होती.

इलारियोनने ड्रिल हळूच खाली ठेवलं.

"काल तू माहीत नाही म्हणालास ना, पोरा," कासियानो म्हणाला, "ते मला एकोणीस वर्षं म्हणता आलं नाही. अकरा ऐकले होते, बारा सांगून भावाला आत धाडला. तेव्हापासून वात पेटली की मी डोळे मिटून देवाचा धावा करतो, आणि जितके सुरुंग असतील तितका आकडा सांगतो."