ब्रिनची जागा

किन्सलीची काठी हवेत गेली आणि जेरुशाच्या तोंडून निघून गेलं, "देवा, सांभाळ रे लेकराला!"

काठी खाली आली ती गवतावर. निळं निशाण तिच्याभोवती गोळा होऊन पडलं. मैदानाच्या पलीकडे बँडवाले वाद्यं जुळवत होते. इकडे ध्वजपथकाच्या मुली क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग कोणीतरी फिसकन हसलं आणि रांगच फुटली.

"अगं, चर्चसारखी दानाची थाळी फिरवा आता, थाळी!" टॉरी म्हणाली. "माझ्याकडे सुट्टे नाहीत हां!"

"कोच, ही ओरडली म्हणून पडली," किन्सली म्हणाली. ती पथकाची प्रमुख, शाळेच्या शेवटच्या वर्षाची. उन्हाळाभर तिची काठी एकदाही पडली नव्हती.

काठी हवेत असताना बोलायचं नाही, चेहरा हलू द्यायचा नाही. रेनर कोचनी हे जेरुशाला सकाळीच सांगितलं होतं. ती विसरली नव्हती. पण या गावात ती नवीनच होती; तिकडे अलाबामात त्यांच्या छोट्याशा चर्चमध्ये तिचे आजोबा प्रवचन गात. गाता गाता वर वर चढत, आणि आवाज चिरायला लागला की बाकांवरच्या बाया उठून हाका देत: सांभाळ देवा, सावकाश, घाई नाही. कोणी वर गेलं की खालून त्याला धरायचं. गप्प बसायचं म्हणजे त्याला एकट्याला सोडायचं. जेरुशा एवढंच शिकून मोठी झाली होती.

"मैदानाला एक फेरी," कोच म्हणाल्या. "तोंड मिटून."

ती पळाली. कुंपणापलीकडे मका डोक्याच्या वर गेला होता आणि त्यातून जराही वारा येत नव्हता. परत आली तेव्हा मुली पायऱ्यांच्या सावलीत पाणी पीत बसल्या होत्या. मधल्या बाकावर त्यांच्या पिशव्या होत्या. कोणी उचलल्या नाहीत. जेरुशा उन्हात उभ्यानेच पाणी प्यायली.

रांगेच्या डाव्या टोकाला एक जागा रिकामी होती. ब्रिन नावाच्या मुलीची. तिच्या वडिलांची बदली झाली आणि ती टेक्ससला गेली. कवायतीचा नकाशा आधीच आखून झालेला, म्हणून बाकीच्या मुली ती जागा सोडूनच चालत. पडलेल्या दातासारखी ती फट मैदानभर फिरायची. आज ती कोणी भरली नाही तर कोच नकाशा बदलून फट बुजवणार होत्या. मग यंदा नवीन कोणाला घ्यायचा प्रश्नच नव्हता. आणि सोमवारी शाळा सुरू होत होती. जेवणाच्या सुट्टीत कोणाच्या तरी शेजारी ताट ठेवता यावं, एवढ्यासाठी जेरुशा घरामागे फरशी पुसायच्या दांड्याने उन्हाळाभर सराव करत होती. दोन्ही हात कोपरापर्यंत काळेनिळे झाले होते.

"ये पुढे," कोच म्हणाल्या.

मुली परत रांगेत उभ्या राहिल्या. जेरुशाने काठी धरली, गुडघे वाकवले, फेकली.

काठी वर गेली. तिकडे अलाबामाच्या शाळेत ती साधी कविता म्हणायला उभी राहिली तरी मागून कोणीतरी "हं, बोल बाळा" म्हणायचं. चुकली तर "असू दे" म्हणायचं. इथे काठी उन्हात गरगर फिरत होती आणि खाली एवढ्या माणसांत एक आवाज नव्हता. इतकी एकटी ती आजोबांच्या दफनाच्या दिवशीही नव्हती. त्या दिवशी निदान सगळे गात होते.

तळहातावर फाडकन बसली. हातात होती.

"पुन्हा."

पुन्हा हातात आली.

"उंच. माझ्याकडे बघू नकोस, काठीकडे बघ."

या वेळी ती इतकी वर गेली की सूर्यात दिसेनाशी झाली. जेरुशाचे ओठ हलले. आवाज मात्र तिने फुटू दिला नाही. काठी हातात आली.

कोचनी मान हलवली. "जा, टोकाला उभी राहा."

टाळी कोणी वाजवली नाही. रांगेत वाजवायची नसते. जेरुशा समोरून गेली तेव्हा किन्सली मान न वळवता म्हणाली, "माझ्या वेळी परत देवाला बोलवायचं नाही."

"नाही बोलवणार."

"आणि हनुवटी वर ठेव. काठी पडल्यासारखी दिसतेस."

कोच लोखंडी मनोऱ्यावर चढल्या. तिथून अख्खं मैदान दिसायचं. ढोल सुरू झाला आणि रांग चालू लागली. जेरुशाच्या उजव्या हाताला टॉरी होती, इतकी जवळ की तिच्या निशाणाचा वारा गालाला लागत होता. पाऊल पडत होतं, काठ्या वळत होत्या, आणि जेरुशाची काठी त्यांच्याबरोबर वळत होती. रांग अर्धगोल झाली. फट कुठेच नव्हती.

"छान!" वरून कर्ण्यातून आवाज आला. "ब्रिन, बाहेर चाललीस! हातभर आत!"

कोणी हसलं नाही. कोणी वळूनही बघितलं नाही. ढोल चालूच होता.

जेरुशा हातभर आत आली.