दसऱ्याचं कुंकू

पूजेची पिशवी खांद्याला अडकवून सुरुची शिडी चढली. नागपूरच्या लकडगंजातल्या त्यांच्या आरा मशीनवर नवा भाग बसला की त्याला हळदकुंकू लावल्याशिवाय पहिला ओंडका उचलत नसत. हा मान घरच्या बाईचा. सासऱ्यांनंतर घरची बाई आणि मालक दोन्ही तीच झाली होती, त्यामुळे मानही तिनेच घ्यायचा आणि कामाची घाईही तिनेच करायची.

खाली सागवानाचा ओंडका साखळीने आवळून तयार होता. गोविंदा त्याला हात टेकून उभा होता. ओंडका हवेत गेला की त्याला ढकलत, वळवत आऱ्यासमोर आणायचं काम त्याचं. ओंडका वर आणि गोविंदा खाली, हे रोजचंच.

वर फळ्यांच्या माळ्यावर ओंडका उचलणारी मोटर होती, आणि मोटरच्या चेनने फिरणारं मोठं दातेरी चाक. फिटर त्याला स्प्रॉकेट म्हणत. त्याचे दाते झिजून विळ्यासारखे वाकले होते. चेन मधूनच दातावरून घसरायची आणि टांगलेला ओंडका हिसका देऊन वीतभर खाली यायचा. खाली गोविंदा असायचा. म्हणून तिने धोंडबाला निक्षून सांगितलं होतं, चेन नवी आणि चाकही नवं, दाते चांगले पाणी दिलेले, कडक. जुन्या चाकावर नवी चेन घालायची नाही.

धोंडबा कामठीहून येणारा फिटर, सासऱ्यांच्या वेळचा. तो पाना पुसत बाजूला उभा होता.

"झालं का, धोंडबाभाऊ?"

"एकदम फिट, ताई. हलवून पाहा."

चाक खरोखरच जराही हललं नाही. निळा रंग चकचकत होता आणि दात्यांवर ग्रीस थापलेलं होतं. सुरुचीला बरं वाटलं. तिने मेन स्विच बंद असल्याची खात्री केली, चाकाला हळदीचं बोट लावलं आणि झेंडूची माळ काढली. माळेचा दोरा चाकाच्या भोकातून ओवून घ्यायला तिने हात मागे घातला.

हात बाहेर आला तेव्हा बोटं लाल झाली होती.

कुंकवाची डबी अजून पिशवीतच होती. उघडलीसुद्धा नव्हती.

ती क्षणभर बोटांकडेच पाहत राहिली. मग तिने मोबाइल चाकाच्या मागे सरकवून फोटो काढला. फोटोत तेलात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक होतं, त्याचा उजवीकडचा पाय लांबडा. असं स्वस्तिक तिच्याशिवाय नागपुरात दुसरं कोणी काढत नसेल. दर दसऱ्याला सासरे तिला त्यावरून चिडवायचे. स्वस्तिकाच्या मधोमध अक्षतेचा एक दाणाही चिकटून होता.

"हे जुनंच चाक आहे," ती म्हणाली.

धोंडबाने पाना खाली ठेवला. खोटं बोलायचा त्याने प्रयत्नही केला नाही.

"त्या मापाचं बाजारात भेटलं नाही जी. हप्ताभर मशीन बंद राहिली असती. तिकडं पार्टी मालासाठी बोंबलून राहिली. म्हणून टोकं घासून सरळ केले अन् पलटी मारली. दात्यांची तिकडची बाजू झिजली होती, ही कोरी हाये. सारेच मारतात पलटी."

"पिठाच्या गिरणीत मारत असतील. इथं खाली माणूस उभा राहतो."

"चालते, ताई. काही होत नाही."

सुरुचीने फळ्यांच्या फटीतून खाली पाहिलं. गोविंदाच्या केसांत लाकडाचा भुसा अडकला होता. हातावर तंबाखू मळत तो तिथेच, साखळीच्या आकड्याच्या बरोबर खाली उभा होता. माळ ओवायला हात मागे घातला नसता तर आता तिनेच बटण दाबलं असतं.

"पुढून रंग दिला, दाते घासले," ती म्हणाली. "मग मागचं कुंकू काहून नाही पुसलं? पुसलं असतं तर मले कधीच समजलं नसतं."

धोंडबाने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने भलतंच काही विचारलं.

"पूजेचं कुंकू हाये, ताई. कसं पुसू जी? पाप लागते."

सुरुचीला रडू येतं की हसू, तिचं तिलाच कळेना. तिने माळ परत पिशवीत टाकली.

"उतरवा ते. नवं येईपर्यंत मशीन बंद. पार्टीले मी सांगते."

धोंडबाने चेन सोडली, चाक शाफ्टवरून ओढून काढलं आणि स्वतःचा दुपट्टा त्याच्याभोवती गुंडाळला. मग दोरी बांधून ते हळूहळू माळ्याच्या कडेवरून खाली सोडू लागला. जड चाक हेलकावे खात उतरू लागलं. गोविंदा मान वर करून पाहत होता, पण जागचा हलला नव्हता. त्याला तिथून हलायला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं.

"ए गोविंदा!" धोंडबा वरून घाबऱ्याघुबऱ्या आवाजात ओरडला. "बाजूले सरक गा! चाकावर कुंकू हाये, तुया पाय लागन!"

गोविंदा झटकन मागे झाला. चाक भुशावर टेकलं तसा तो चप्पल काढून पुढे आला, वाकला, आणि त्याला हात लावून तो हात त्याने कपाळाला लावला.