तंद्री

"हात सैल सोड," अ‍ॅक्युपंक्चरवाल्या बाई म्हणाल्या. मुलीनं मूठ आणखीच आवळली.

आई पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. सुया बघून तीच घाबरली होती, पण तसं दाखवून चालणार नव्हतं. परीक्षा तोंडावर आली होती आणि पोरीचं लक्ष म्हणून ठिकाणावर नव्हतं. वर्गात शिकवणं चालू असताना ही शून्यात. जेवताना घास हातात तसाच. शिक्षक सांगून थकले, घरचे ओरडून थकले. सुयांनी मन एकाग्र होतं असं शेजारीण म्हणाली, आणि आईनं तिला इथं आणलं.

"दुखत नाही गं. मुंगी चावल्यासारखं वाटतं."

"मुंगी चावली तरी दुखतंच," मुलगी म्हणाली.

पहिली सुई मनगटाजवळ गेली. मुलगी कळवळली. घाबरून भराभर श्वास घ्यायला लागली, छाती नुसती भात्यासारखी वरखाली. दुसरी सुई अंगठ्याजवळच्या बेचक्यात जायची होती.

"ही जरा कळेल हं," बाईंनी आधीच सांगून ठेवलं.

"आई, ही नको ना, मला..."

सुई आत गेली. मुलीनं हूं की चूं केलं नाही.

"बघ, उगाच घाबरत होतीस," आई म्हणाली. तिला हायसं वाटलं.

बाई मात्र मुलीच्या चेहऱ्यावर वाकल्या. डोळे उघडे होते, छताला लागलेले. पापण्या बारीक फडफडत होत्या. "बाळा?" बाईंनी हाक मारली. खांदा हलवला. काहीच नाही.

आई पुढे धावली. सुई भलत्याच शिरेत तर नाही ना गेली? आपणच आणलं हिला. कोणी सांगितलं होतं?

"काय केलंत तुम्ही तिला?"

बाईंनी अलगद दोन्ही सुया काढून घेतल्या.

"...भीती वाटते," मुलगी म्हणाली. मग मोकळ्या हाताकडे बघून गोंधळली. "टोचणार होतात ना? टोचा एकदाची."

"नाही टोचत. झालं आपलं." बाईंनी सुयांचा ट्रे लांब सारला आणि आईला दाराशी नेलं. त्यांचा आवाज खाली आला होता. "हे सुईनं झालेलं नाही, आणि सुईनं जायचंही नाही. मला हा फिटचा प्रकार वाटतो. त्या तेवढ्या वेळात तिला काही ऐकू येत नाही, काही कळत नाही. आजच्या आज मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा, यावर औषधं आहेत. याआधी कधी असं झालेलं पाहिलंय तुम्ही?"

आईनं मागे वळून पाहिलं. मुलगी पलंगावर उठून बसली होती, पाय हलवत.

"रोज," आई म्हणाली. "त्यासाठीच तर मारते मी तिला."