चावणारे बूट

मेळघाटातल्या पडक्या किल्ल्यापर्यंत गाईडसोबत चार दिवस जंगल तुडवायचं होतं. त्यासाठी धीरजनं महागाचे बूट घरच्या पत्त्यावर मागवले. सामान बांधायला तो पुण्याहून गावी मेडशीला पोचला, तर तेच नवेकोरे बूट घालून बाबा वावरातून येत होते. बुटांवर चिखलाचे थर. धीरजचं डोकंच फिरलं. "बाबा, ओलितात घालाचे हायेत का हे? तुमच्या पायाले असे बूट कायले पाहिजेत?" ओट्यावर बसून बाबांनी बूट काढले आणि फडक्यानं पुसायला घेतले. आई हळदीची वाटी घेऊन आली. "तूच फोनवर सांगत होता ना, गाईड म्हनते नवे बूट चावतात, आधी घालून मऊ करा. तुले सवड नव्हती." धीरजची नजर बाबांच्या सोललेल्या टाचांवर गेली. बाबांनी बूट सरकवले. "घाल. आता नाई चावनार." धीरजला पाय पुढं करवेना.