डावा हात

व्हर्लिनची अगडबंब टूरिंग मोटारसायकल इंजिनाची खटखट करत परत माझ्या गॅरेजात आली.

"अरे, डाकोटाचे हे चढ तू टॉप गिअरात कुंथत चढवतोस हिला! खालचा गिअर टाक, दणकून रेस दे. पळायलाच बनवलीय ती, म्हाताऱ्या."

"क्लच दाबायला डावा हात मोकळा नसतो."

"का? काय उपटत असतो तो?"

"मार्लिसच्या गुडघ्यावर असतो. मागे बसून डुलक्या घेते ना ती, पडेल एखाद्या दिवशी."

मी पाना खाली ठेवला. यंदा बर्फ वितळून जमीन मऊ झाल्यावर त्याच्या बायकोला, मार्लिसला पुरलं, तेव्हा शवपेटीला मीही खांदा दिला होता.

"मग झोपू दे तिला," मी म्हणालो. "इंजिनाचं मी बघतो."