सेवंतीभाईंचा त्याग

भावनगरच्या सेवंतीभाई शहांना रोज सकाळी बायकोच्या हातचा ग्लासभर हिरवा रस प्यावा लागे. त्यात दुधी, पालक, कोथिंबीर, पुदिना. आणि घर जैनांचं, कंदमुळं वर्ज्य, म्हणून चवीपुरतं आलंसुद्धा नाही. ग्लास रिकामा झाला की मगच गरम गाठियाची बशी पुढे येई.

"डोळे मिटून पिऊन टाका, पोट आत जाईल," मृदुलाबेन समोर उभ्या राहून म्हणत.

"पोट जाईल तेव्हा जाईल, आधी मी जाईन!"

चातुर्मास लागला आणि सेवंतीभाईंना वाट सापडली. जैन साधूंच्या उपाश्रयात भरल्या सभेत ते हात जोडून उभे राहिले. "महाराजसाहेब, चार महिने मला हिरवी भाजी बंद. तिचा रससुद्धा. व्रत द्या."

"त्याग आवडीच्या वस्तूचा करावा, भाई. रस आवडतो ना?"

सेवंतीभाईंनी क्षणभर डोळे मिटले. "जीव की प्राण, साहेब!"

सभा गहिवरली. महाराजसाहेबांनी व्रत दिलं.

तेवढ्यात बायकांमधून मृदुलाबेन उठल्या आणि पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "यांनी एवढं लाडकं सोडलं, मग मी मागे कशी राहू? मला तळणाची भारी हौस, महाराजसाहेब. चार महिने माझ्या घरात गाठियाची कढई चढणार नाही."

"धन्य, धन्य! अनुमोदना!" सगळी सभा हात जोडून म्हणाली.

सेवंतीभाईंचे हात आधीच जोडलेले होते. त्यांनाही म्हणावंच लागलं.